आम्ही नाकारलेली बढती

"दोन्ही किडन्या थकल्यात. डायलिसिस सुरू करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. मी वेड्यासारखं विचारलं, "किती दिवस?" त्यांनी माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं, हे आता जन्मभराचं.

महिनाभर पाय सुजत होते, तोंडाची चव गेली होती. मी सगळं उपासतापासांवर ढकललं. तुमचे पाय सुजत असतील तर असलं शहाणपण करू नका, क्रिएटिनिन तपासून घ्या. किडन्या रक्त नीट साफ करतात की नाही, ते त्या आकड्यावरून कळतं.

डायलिसिस म्हणजे रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात सोडणं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. त्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थांबली म्हणजे फिस्टुला बंद पडला, या धास्तीनं मी सारखी मनगट चाचपायचे.

खर्च सगळा यांच्या कामगार विम्याच्या कार्डावर. हे बिडकीनला कारखान्यात मशीनवर आहेत. विम्यासाठी पगारातून पैसे कापायचे तेव्हा मीच कुरकुर करायचे. आता ते कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवते. हसा खुशाल.

एक दिवस हे पेढे घेऊन आले. सुपरवायझर होणार होते! मी गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत घरोघरी पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला शेजारच्या बेडवरच्या देवगाव रंगारीच्या काकूंना सांगितलं, तर त्यांचा चेहराच पडला.

"अगं बाई, पगार लई वाढला की कार्ड जातंय! ठरल्या रकमेच्या वर गेला की नाय ऱ्हात. विचारून घे."

दवाखान्यातल्या विम्याच्या काउंटरवर विचारलं. खरं होतं. सहामाही संपेपर्यंत कार्ड चालणार, पुढे नाही. वाढ इतकी जेमतेम की त्यात डायलिसिसचा महिना निघाला नसता. खासगी विमेवाल्यानं आजाराचं नाव ऐकून फोन ठेवला. सरकारी योजना आहे, पण तिथं नंबर लागेपर्यंत माझं रक्त कोण धुणार? एक फेरी चुकली होती तेव्हा छातीत पाणी भरलं होतं, श्वास घेता येत नव्हता. नवऱ्याच्या बढतीला इतकी घाबरलेली बायको दुसरी नसेल.

यांना कसं सांगणार? किती वर्षं त्या खुर्चीची वाट बघितली होती. पण संध्याकाळी यांनी "तोंड का उतरलंय?" एवढंच विचारलं आणि मला रडू फुटलं. सगळं ऐकून यांनी देव्हाऱ्यातल्या कार्डाकडे पाहिलं.

"मंग नाय घेत बढती," म्हणाले.

कारखान्यातले साहेब चक्रावले. "पगारवाढ नको म्हणणारा पहिलाच माणूस बघतोय. लिहून द्या." यांनी लिहून दिलं, घरगुती अडचण.

भीती गेलेली नाही. बजेटच्या दिवशी लोक आयकराचं ऐकायला टीव्हीसमोर बसतात, मी त्या कार्डाची मर्यादा वाढते का ते ऐकायला. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर पेढे वाटायच्या आधी ती मर्यादा विचारा.

सुपरवायझर दुसरेच झाले, यांच्याकडूनच मशीन शिकलेले. ते घरी पेढे घेऊन आले. मला दुधाचं वर्ज्य. यांनी दोन उचलले, "एक तुझ्या वाटचा," म्हणाले आणि दोन्ही खाल्ले. पाहुणे गेल्यावर हात धुऊन आले, रोजच्यासारखं माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"चालू हाय," म्हणाले.