काकांचा पंप आणि वाडीचा दम

एकट्याने तोंडात काही घालणं म्हणजे चोरी, असं मानणारा माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात एकच निघेल, आणि ते म्हणजे आमचे चुलत सासरे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर एसटीतून उतरलं की आमच्या वाडीला उभी चढण आहे. चढण संपते तिथे, आमच्या दारापुढे, एक सपाट कातळ आहे. काकांचं बसणं-उठणं सगळं त्या कातळावर. खालून आलेला माणूस तिथे टेकला की काका चंची उलगडतात, आधी त्याला पान देतात, मग स्वतः घेतात. पान नको तर सुपारीचं खांड, तेही नको तर निदान लवंग. शेंगा खाताना समोर कोणी नसलं तर कोंबड्यांना हाका मारतात. बिडी ओढायचे तेव्हाही पहिला झुरका दुसऱ्याला. "एकट्यानं ओढली की ठसका लागतो गो," असं मला सांगायचे. ठसका मात्र चारचौघांत ओढूनही लागलाच.

मुंबईत त्यांनी उमेदीची वर्षं चणे-फुटाण्यांच्या भट्टीपुढे धुरात काढली, वर बिडी. गावी आले ते छातीत शिट्टी घेऊनच. पोलादपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बिडी बंद केली आणि निळा पंप दिला. धाप लागली की त्यातलं औषध श्वासाबरोबर आत घ्यायचं, म्हणजे आवळलेल्या नळ्या सैल होतात. बाईंनी करून दाखवलं. आधी पंप हलवा, छातीतला श्वास सोडा, मग दाबताना सावकाश आत ओढा आणि तसाच धरून ठेवा. काकांनी तो झुरक्यासारखा फसकन ओढला आणि नाकातून सोडून दिला.

"काका, ही बिडी नाही. आत राहू द्या त्याला."

काकांनी मान हलवली, पंपाचं तोंड धोतराच्या सोग्याने पुसलं आणि बाईंपुढे धरलं. "आता तुमी घ्या."

बाई हसल्या आणि गोष्ट हसण्यावारी गेली.

घरी आल्यावर पंप चंचीत राहायला गेला. टोपण लगेच हरवलं, नळीत सुपारीचा भुगा जमू लागला. आणि चढण चढून आलेल्या माणसाला धाप ही लागलेलीच असते. "दम लागलाय नव्हं? मग घे," म्हणून काका पंप पुढे करायचे. एकदा शेजारच्या वहिनी गवताचा भारा घेऊन आल्या. घशाला गार लागतं म्हणून त्यांनी पंप पुन्हा पुन्हा ओढला. घटकाभरात त्यांचे हात थरथरायला लागले, छाती धडधडू लागली. बाईमाणसाला असं कापरं भरलं की आमच्या वाडीत त्याचा एकच अर्थ होतो. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी नारळ. सुनेला कधी धड हाक न मारणाऱ्या त्यांच्या सासूने पायावर डोकं ठेवून विचारलं, "आई, यंदा भात कसा पिकंल?" वहिनी डोळे मिटून गप्प. कापरं उतरल्यावर माझ्या कानात म्हणाल्या, "देव नाय गो, काकांचा पंप हाय. पन सांगू नको कुनाला. सासू आज पयल्यांदा पाया पडली."

भात झोडायच्या दिवसांत धुरळ्याने काकांना खरीच धाप लागली. त्यांनी पंप दाबला. फुस्स आवाज आला, पण छाती काही मोकळी होईना. परत दाबला, परत तेच. ओठ काळेनिळे पडायला लागले. घरातले पुरुष मुंबईला, काकींचे गुडघे दुखणारे. मीच शेजाऱ्यांच्या आधाराने त्यांना खाली आणलं आणि जीपने पोलादपूर गाठलं.

बाईंनी तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली. काकांना जरा उतार पडल्यावर बाईंनी पंप उलटा करून पाहिला. "मागचा आकडा शून्य आहे. औषध कधीच संपलंय, नुसता वारा येतोय. एवढ्या लवकर कसा संपला? सारखा घेत होतात का?"

"व्हय," काका म्हणाले. "मीच घेत हुतो."

"मग आजार फारच वाढलाय. महाडला भरती करून मोठी औषधं चालू करावी लागतील."

काका खाली बघत राहिले. वाडीतल्या एकाचंही नाव ते सांगणार नाहीत, हे मला कळलं. मी काकांपुढे तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. आमटीत मीठ बरं आहे का, हेसुद्धा काकींकडून विचारायचे. पण त्या दिवशी भिंतीकडे बघत म्हटलं, "ते एकटे नाय घेत. वाटतात."

"काय वाटतात?"

"पंप. चढून येनाऱ्याला."

बाई काकांच्या जवळ स्टूल ओढून बसल्या. "काका, धडधाकट माणसाची धाप बसलं की जाते. तुमची जात नाही. आणि हे औषध ज्याचं त्यालाच. कुणाचं हृदय नाजूक असलं तर तुमच्या मायेनेच त्याचं काहीतरी होऊन बसेल. सांगितलाय तेवढाच घ्यायचा. तेवढ्याने उतार पडला नाही तर दाबत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं."

परत येताना जीपमध्ये काका एवढंच म्हणाले, "बरं झालं बोललीस."

आता नवा पंप टोपणासकट कापडी पिशवीत खुंटीला असतो. आकडा मी बघते. पण सुरुवातीला काका तो घेताना भिंतीकडे तोंड करायचे, लपून खाणाऱ्यासारखे. मग बाईंनी त्यांना ओठ आवळून श्वास सोडायला शिकवलं आणि काकांना वाटायला काहीतरी मिळालं. चढून आलेल्याला ते कातळावर बसवायचे. "नाकानं घे. आता फुंकनीनं चूल फुंकतात तसा हळू सोड." बाजारहून येणाऱ्या बायका ओळीने बसून गाल फुगवून फुंकताहेत आणि काका मधे बसून मान डोलवताहेत, असं चित्र रोज दिसायचं.

यंदाच्या थंडीपासून ते कातळापर्यंत जात नाहीत, दाराआडच बसतात. धाप लागली की मी पंप हलवून हातात देते. अजूनही तो हात आधी माझ्याकडे येतो. "तुमीच घ्या, काका," मी म्हणते. मग ते घेतात आणि श्वास आत धरून माझ्याकडे बघत राहतात. तेवढा वेळ मीही माझा श्वास धरून ठेवते, त्यांना एकट्याने घेतल्यासारखं वाटू नये म्हणून.