धुऱ्यावरच्या मोहाची टोळी

आरमोरीच्या स्टँडवरून पुण्याला निघालो तेव्हा माझ्या हातात बॅगेपेक्षा मोठी, फुललेली मोहाची फांदी होती. झाडांची चित्रं काढायला शिकायला चाललो होतो, मग नमुना नको का? ताजी राहावी म्हणून ती एसटीच्या खिडकीबाहेर धरली. नागपूर येईस्तोवर फुलं वाऱ्यानं नेली. पुण्यात उतरलो तो काडी घेऊन. फांदी तोडतानाच आई म्हणाली होती, "मोहाले ओरबाडत नाई बाबू. तो टाकते तेवढंच वेचाचं."

पुण्यात चित्रं शिकवणाऱ्या मॅडमनी काडी पाहिली आणि हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. फूल आधी काढायचं, कारण पान थांबतं, फूल थांबत नाही, हे त्यांनीच शिकवलं. डिव्हायडरनं मोजायचं. रंगाचे ठिपके झाडाखालीच लावून घ्यायचे. किडीनं पाडलेलं भोक बुजवायचं नाही. न पाहिलेलं काढायचं नाही. डोक्यावरचे केस गेले, हे नियम राहिले.

यंदा आमच्याकडच्याच एका नव्या रिसॉर्टसाठी मोहाच्या मोठ्या चित्राची ऑर्डर आली. मी हरखलो. मोह एका खेपेत पुरा होत नाही: फुलताना झाड जवळपास उघडं असतं, तांबूस पानं मागून येतात, आणि टोळी, म्हणजे फळ, उन्हाळा सरताना. फूल ज्या झाडाचं, फळही त्याच झाडाचं, हा माझा हट्ट. म्हणून मार्चमध्ये आमच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, आई असेतोवर जिथं पहाटे टोपली घेऊन वाकायची त्याच मोहाखाली बसून फुलं काढली.

टोळीसाठी परत गेलो तर धुऱ्यावर नुसता बुंधा. शेजारचं वावर घेणाऱ्यानं गेटसाठी झाड पाडलं होतं. गेटवरची पाटी माझ्याच गिऱ्हाइकाची.

फोन केला. रिसॉर्टचे साहेब गोड बोलले. "एका झाडाचं काय घेऊन बसलात? फळ नेटवरून घ्या की. आणि पानं हिरवीगार हवीत, भोकं नकोत."

मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. गावात राहिलेल्यांनो, झाड पडताना तुम्ही बघत उभे राहिलात, तुमच्यावरही चिडलो. आणि आपण निघून गेलेले? आपल्याला गाव हवं असतं, पण काचेच्या फ्रेममध्ये, धूळ न बसणारं. मीही ती फ्रेम भरायलाच निघालो होतो.

चित्र दिलं नाही. टोळीच्या जागी पेन्सिलीचा गोल कोरा ठेवून ते भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आठवडाभर घरात सगळ्यांवर गुरकावलो. गाव म्हणजे आता हा कोरा गोल, असं एक वाक्यही जुळवलं. जेवताना बायकोला ऐकवलं.

ती ब्रह्मपुरीची. भात वाढता वाढता म्हणाली, "कोरं कोरं काय करून राह्यले? माह्या भावाच्या धुऱ्यावर मोह उभा हाये, टोळी पिकून राह्यली. उद्या चला. पण चित्राखाली लिवा, फूल कोनत्या झाडाचं अन् फळ कोनत्या झाडाचं. अन् पहिलं झाड कोनं तोडलं, तेबी लिवा."