एक कढ आणला की झालं!

टोपाच्या बुडाला करप धरते ना, तसे आम्हा आचाऱ्यांचे किस्से. कितीही घासा, पुन्हा धरतात. लोक हसायला म्हणून ऐकतात. मला मात्र हल्ली सांगतानाच भीती वाटते.

रत्नागिरीत लग्न असो, मुंज असो, देवळातला भंडारा असो, चुलीवर आम्हीच. मी तात्या आणि माझा जोडीदार दत्तू. शाळा दोघांचीही चौथीत सुटली, पण दत्तू स्वतःला डॉक्टर समजतो. अन्न बिघडल्यासारखं वाटलं की त्याचं औषध एकच, "एक कढ आणला की झालं!"

*

पालीचं लग्न. रात्रीच्या पंगतीचा भात दत्तूने सकाळीच शिजवून टोपल्यांत भरला, वर ओलं फडकं. "ऊब धरून राहतो, तात्या!"

राहिला ना ऊब धरून! वरातीत पहिला ओकला नवरा. मग करवल्या. मग बँडवाला, तो तर वाजवता वाजवता! पुढचं सांगत नाही. कोणी जेवता जेवता वाचत असेल.

घरी येऊन पुतणीला विचारलं. आमची सुमन कॉलेजच्या लॅबमध्ये जंतू वाढवते. लोक कोंबड्या वाढवतात!

"भात रटरट उकळला होता गो."

"काका, उकळल्यावर सगळे मरत नाहीत. काही कवच घालून झोपतात. भात कोमट झाला की उठतात आणि विष करायला बसतात."

उठल्यावर चहा नाही, तोंड धुणं नाही, डायरेक्ट विष!

*

मग मुंजीची बासुंदी. दत्तूच्या बोटाला पू, वर चिंधी. निवलेल्या बासुंदीत तोच हात घालून याने साय मोडली. टोप दुपारपर्यंत तसाच मांडवात. मी ओरडलो तर मेल्याने कढ आणला.

बटूला मुंजीच्या दिवशीच सलाईन लागलं. त्याची आई माझ्याकडे बघत होती. ती नजर अजून जात नाही.

सुमन म्हणाली, "कढाने जंतू मेले, काका. त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष नाही मेलं."

"मी वास घेऊन सांगितलं असतं!"

"त्याला वास नसतो."

जन्मभर ह्या नाकावर धंदा केला मी!

*

एकदा म्हटलं, "एवढे बारके ते. एकेकट्याने काय होतंय?"

"एकेकटे असले की गप्प बसतात," सुमन म्हणाली. "प्रत्येकजण थोडा थोडा रस सोडत राहतो. तो दाटला की त्यांना कळतं, आता आपण पुष्कळ झालो. मग सगळे मिळून विष सोडतात."

अंगावर काटा आला. आमच्या वाडीची मीटिंग अशीच असते, पण तिथे निदान आधी भांडण तरी ऐकू येतं! झाकलेल्या टोपाजवळून हल्ली मी पावलं न वाजवता जातो.

*

परवा देवळात भंडारा होता. मानकऱ्याने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातल्याशिवाय, सगळ्यांसाठी मागणं मागितल्याशिवाय आमच्याकडे पान वाढत नाहीत. मानकरी मुंबईहून यायचा होता, त्याची गाडी लेट. दुधाची खीर सकाळपासून टोपात कोमट. पुढच्या ओळीत सगळी पोरंटोरं.

गाऱ्हाणं झालं. मी टोपाला आडवा उभा राहिलो. "खीर वाढायची नाही. ओता!"

मानकरी पेटला. "देवाला दाखवलेलं ओतणार? प्रसाद कधी बाधत नाही!"

"पोरं मरतील रे!"

"तात्याला म्हातारचळ लागलाय," दत्तू सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. त्याने कढ आणला. मला दोघांनी धरून बाजूला केलं.

दत्तू स्वतः पहिली बादली घेऊन पंगतीत शिरला. "घ्या, घ्या! काही होत नाही!"

पहिल्याच पानावर त्याची नात बसली होती. त्याने डाव भरला, तिच्या पानावर धरला. तसाच धरून राहिला. मग डाव बादलीत उलटा केला, पोरीला बखोटीला धरून उठवलं आणि म्हणाला, "चल गो घरी, आजी हाक मारत्ये."

आजी जाऊन कैक वर्षं झाली. पंगतीत सगळ्यांना ठाऊक होतं.