अप्पांचं रोजच्या वापरातलं मशीन

काही घरांत रिकामे डबे साठतात, काही घरांत रद्दी. माझ्या सासरी किस्से साठतात! मुद्दाम कुणी जमवत नाही हो. एखादं साधंसं काम निघतं, घरातला प्रत्येकजण त्यात हात घालतो आणि संध्याकाळपर्यंत किस्सा तयार असतो. मी साताऱ्याची. लग्न करून तंजावरला आले ती सरळ या कारखान्यात पडले. सासरची मंडळी पिढ्यान्पिढ्या तिथलीच. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी समजेपर्यंत पहिले काही महिने मी नुसती मान डोलवत होते. आता माहेरी गेले की बॅग खाली ठेवायच्या आधीच फर्माईश होते, "ते मशीनचं सांग!"

मशीन म्हणजे कॉफीचं. एस्प्रेसो का काय म्हणतात, ते. माझ्या सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचे धाकटे भाऊ गोपूकाका इटलीत नोकरीला. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी त्यांनी ते मोठ्या हौसेनं पाठवलं होतं. सुरू केलं, तर त्यातून बोटभर काळं पाणी आलं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, कपात डोकावून विचारलं, "हे औषध कोणास?"

झालं! मशीन जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर गेलं आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर अक्कांचा कॉफीचा पितळी फिल्टर परत आला.

* * *

खरी भानगड केली ती फोननं. त्या वर्षांत कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ उगवले होते. सणासुदीला अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बूथवर जायचे आणि इटलीला फोन लावायचे. गोपूकाका पलीकडून हमखास विचारायचे, "मशीन चालतं की?" त्यावर अप्पा बूथची काच थरथरेल अशा आवाजात ओरडायचे, "चालतं म्हणजे काय! आत्तां तुझ्याच मशीनची कापी पिऊन आलों!"

एकदा मी धीर करून विचारलं, "अप्पा, असं का सांगता हो?"

"पोरगा तिकडे थंडींत राबला आणि पाठवला. माळ्यावर टाकलों म्हणून कसं सांगूं?"

या गृहस्थांनी आयुष्यभर कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं होतं!

मग एका दिवाळीत अप्पा फोन करून परतले ते पांढरेफटक पडून. गोपूकाका येत होते. कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच. आणि म्हणाले होते, "घरात पाय ठेवला की पहिली कापी मशीनचीच!"

अप्पा खुर्चीत बसले ते उठेनात. "इतकीं वर्षं फसवलों म्हणून त्यास कळलं, तर तो पुन्हां या घरीं येईल कां?" असं अगदी हळू म्हणाले. मला त्यांची खूप दया आली. मग एकदम उठून माझ्या नवऱ्यावर खेकसले, "रघू, बघत काय बसलास? शिडी आण!"

* * *

मशीन खाली आलं, धोतर सोडलं, आणि आम्ही बघतच राहिलो. मशीनला अंगभर गंध! बटणांवर कुंकू, झाकणाच्या फटीत अक्षता आणि वाफेच्या नळीच्या तोंडावर गंधाचा दगड झालेला गोळा.

खुलासा अक्कांनी केला. दर खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा व्हायची. विळी, शिवणयंत्र, रघूची स्कूटर, सगळं झालं की अक्का शिडीवर चढून याचीही पूजा करून यायच्या. "घरचं यंत्र आहे. त्यास एकट्यास वगळायचं कसं?"

रघू दोन दिवस सेफ्टी पिन घेऊन गंध कोरत बसला होता. कोरता कोरता तो वैतागून म्हणाला, "अक्का, काडीचं काम न करतां वर्षानुवर्षं पूजा घेणारं जगांत हे एकटंच असेल!"

अक्का भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकटं कशास? या घरांत दोघं आहेत."

अप्पांनी पेपर जरा वर धरला.

* * *

गंध निघालं तरी मशीन ढिम्म. तेव्हा जुन्या बसस्टँडजवळच्या मुरुगेसनला बोलावलं. मिक्सर आणि इडलीचे तांदूळ वाटायचे ग्राइंडर दुरुस्त करण्यात त्याचं गावात नाव होतं. त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली, मग सगळं उघडून अंगणात चादरीवर मांडलं. आतली रबरी रिंग वाळून पापडासारखी झाली होती. हात लावताच मोडली. त्यानं कुकरच्या जुन्या रिंगमधून नवी कापून बसवली. तारा घासल्या, मोटार तेलपाणी करून ठीक केली आणि सगळं परत जोडलं. एक स्क्रू उरला, तो खिशात घातला.

बटण दाबलं. घूंऽऽऽ!

इतक्या वर्षांनी मशीनला कंठ फुटला होता. अप्पांनी मुरुगेसनला मिठीच मारायची बाकी ठेवली. अक्कांनी त्याला फिल्टरची कॉफी दिली, वर दोन मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, दिल्या. त्यानं कॉफी संपवली, हत्यारं पिशवीत भरली आणि दारापर्यंत जाऊन परत आला. मग अगदी अदबीनं तमिळमध्ये विचारलं,

"सार, सगळं फर्स्ट क्लास झालंय. फक्त यात भिजवलेले तांदूळ कुठून घालायचे?"

* * *

मशीन घूं करायचं, पण पाणी काही येईना. रघूनं टॉर्च मारून पाहिलं. माळ्यावर टाकताना आतलं पाणी काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ते आतल्या आत सुकून नळ्यांत पांढरा खडू भरला होता.

"चिंच!" अक्का म्हणाल्या.

त्यांच्या राज्यात पितळेला चिंच, तांब्याला चिंच, तेव्हा इटलीलाही चिंचच. रसमला काढतात तसा पातेलंभर कोळ टाकीत ओतला आणि बटण दाबून आम्ही वाट पाहत बसलो. पहिल्यांदा मशीन नुसतं कण्हलं, मग हादरलं, मग त्याच्या तोंडातून फस्सकन तपकिरी धार सुटली. वाफाळती! चिंचेबरोबर उरलेलं कुंकूही बाहेर आलं.

अप्पा आंघोळीहून येत होते. त्यांनी धार पाहिली, मशीन चाललं म्हणून आनंदानं कप पुढे केला आणि कुणी "अप्पा, थांबा!" म्हणायच्या आत घोट घेतला. अप्पांनी डोळे मिटले, जरा विचार केला आणि निकाल दिला.

"मिरे कमी पडले."

* * *

मग मात्र मशीननं खरोखरच कॉफी दिली. तीही एकदा हँडल उडवून, छतावर डाग पाडून, पण दिली! आमची नेहमीची चिकोरी घातलेली पूड त्याला पचत नव्हती. नुसत्या बियांची पूड आणली तेव्हा कुठे ते माणसात आलं. आता काळजी मिटली असं मला वाटलं. मी सासरला अजून पुरती ओळखत नव्हते.

गोपूकाका यायच्या आदल्या दिवशी अप्पा मशीनसमोर उभे राहिले आणि एकदम ओरडले, "रघू! हे फार चकाकतं रे! रोज वापरलेलं मशीन असं असेल कां?"

चिंचेनं ते लखलखत होतं, हे खरं. अप्पांनी फर्मान काढलं की मशीन मळवायचं. रघूनं डिकॉक्शनचे, म्हणजे फिल्टरमधल्या काळ्या कॉफीचे, ओघळ सोडायला चमचा उचलला, तशा अक्का मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या स्वैंपाकघरांत घाण वस्तु? गोपू मज काय म्हणेल?"

एकाचा शब्द जात होता, दुसरीची अब्रू. बराच वेळ वाद झाला. मीच तोडगा काढला, तेव्हापासून घरात माझा मान जरा वाढला. डावी बाजू मळवायची, उजवी लखलखीत ठेवायची आणि गोपूकाकांना मधोमध बसवायचं.

त्यानंतर तालीम झाली. रघू गोपूकाका झाला. "रोजचाच हात वाटला पाहिजे," असं म्हणत अप्पा मशीनकडे न बघता बटण दाबायची प्रॅक्टिस करत होते. पहिल्या खेपेला त्यांनी न बघता मिक्सर सुरू केला.

* * *

गोपूकाका आले. मद्रासहून रात्रभर गाडीत बसून आले होते, तरी रिक्षातून उतरताच धावत येऊन अप्पांच्या पायाशी वाकले. अप्पांनी त्यांना वर उचललं. दोघे एकमेकांचे खांदे धरून उभे होते. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग काका पंख्याखालच्या खुर्चीत बसले. बरोबर मधोमध. तिथून उघड्या दारातून कट्टा आणि त्यावरचं मशीन दिसत होतं. "अण्णा," ते थोरल्या भावाला हात चोळत म्हणाले, "आतां कापी!"

अप्पा रुबाबात आत गेले. पूड भरली, हँडल फिरवलं आणि मशीनकडे न बघता बटण दाबलं. बरोबर बटण!

त्याच क्षणी करंट गेला.

पंखा गर्रर्र करत थांबला. समोरच्या घरातला टीव्ही वाक्याच्या मध्येच गप्प झाला. मशीनचा लाल दिवा विझला. अप्पा आमच्याकडे पाठ करून उभे होते, ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यांचा हात काही थांबला नाही. त्यांनी एक बटण दाबलं, मग दुसरं दाबलं, मग वाफेची नळी पुसली, अगदी तालमीत केलं तसं.

अक्का बाजूलाच उभ्या होत्या. पदराआडून पितळी फिल्टर आला, डिकॉक्शन टंबलरमध्ये गेलं, वरून चुलीवरचं उकळतं दूध पडलं. दोनदा वरून खाली ओतून हा फेस आणला आणि टंबलर अप्पांच्या हातात ठेवला.

अप्पांनी तो बाहेर आणला. गोपूकाकांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. एका हातानं ते पेपरचा वारा घेत होते, दुसऱ्या हातानं त्यांनी टंबलर घेतला. एक घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. मग बंद पंख्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले,

"कमाल आहे, अण्णा! माझ्या घरचं तर करंट गेला की बंद पडतं!"

रघू छतावरचा डाग बघू लागला. अक्कांनी साखरेचा डबा उघडून परत लावला. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

अप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज वापरावं लागतं, रे!"