पुणे ते नागपूर, दीड तास

विमानात माझ्या शेजारी खिडकीपाशी एक निवृत्त बसड्रायव्हर बसले होते. पुणे-नागपूर याच रस्त्यावर त्यांनी वीस वर्षं बस चालवली होती. विमानात मात्र ते पहिल्यांदाच बसत होते. नागपुरात पहाटे त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती.

"लेक जन्मली तेव्हा मी पुण्यात होतो," ते म्हणाले. "निरोप मिळाला आणि गाडी घेऊन निघालो. घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला."

दीड तासात पोचू, अशी घोषणा झाली. तेवढ्या वेळात बस नगरलासुद्धा पोचत नाही. हवाई अंतर म्हणजे नकाशावरची सरळ रेघ. तिच्यात ना घाट येतो, ना चहाचा थांबा. ते मात्र खाली रस्ता शोधत राहिले.

विमान उतरलं. सगळे उठून बॅगा काढू लागले. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसूनच होते.

"काका, उतरायचं ना?"

"उतरू की. बाळाचं नाव तुम्हीच सुचवा, म्हणालीय लेक. तिचं नाव मला तेव्हा वाटेत मेहकरच्या पुढे सुचलं होतं. आज मेहकर कधी मागे पडलं, कळलंच नाही."

मी परत खाली बसलो आणि मागच्यांना पुढे जाऊ दिलं.