जर्मनांच्या गावासाठी भिलाईचं चाक

अल्ट्रासॉनिक मशीनच्या स्क्रीनवर रेघ उसळली. माणसाएवढं उंच पोलादी गिअर-चाक, आणि दाताच्या मुळाशी आत पोकळी. वरून काहीच दिसत नव्हतं.

मी भिलाईतल्या एका छोट्या फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअर आहे. फाउंड्री म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून मशीनचे भाग बनवणारा कारखाना. हे चाक ब्राझीलमधल्या एका लहान गावातल्या पेपर मिलला जायचं होतं. तिथल्या जुन्या चाकाला तडा गेला होता आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

मिलची मॅनेजर क्लारा व्हिडिओ कॉलवर गावाबद्दल भरभरून बोलायची. जर्मनीहून जहाजाने आलेल्या काही कुटुंबांनी जंगल तोडून ते वसवलं. आधी मका आणि बटाटा, मग ओढ्यावर लाकूड कापायची गिरणी, त्यातूनच पुढे कागद. आज तिथला बेकरीवाला, ट्रकवाला, सगळे त्या मिलवरच जगतात.

आमचे मालक साहूजी म्हणाले, "वेल्डिंग से भर देंगे, प्रज्ञा मॅडम. ग्राइंडिंग के बाद किसको दिखेगा?"

"दिखेगा नहीं, साहूजी, टूटेगा. सारा लोड वहीं आता है."

ते भट्टीकडे निघून गेले.

भिलाईतच मरोद्याला घरी आले, पण ताट तसंच पुढ्यात राहिलं. बाबा भिलाईच्या स्टील प्लँटमधून रिटायर झालेले, मूळ चंद्रपूरकडचे.

"कावून जेवून नाई राहिली?"

मी सगळं सांगितलं.

"पुरं गाव एका मिलवर? मंग आपल्यासारखंच हाय नं. आमीबी बाहेरूनच आलतो. प्लँट झाला म्हणून हे गाव झालं. असं चाक नोको पाठवू."

सकाळी साहूजींना सांगितलं, सर्टिफिकेटवर मी सही करणार नाही. त्यांनी चाकाच्या त्या दातावरून हात फिरवला. मग म्हणाले, "कॉल लगाओ."

क्लाराने शांतपणे ऐकून घेतलं. "मी मशीन जुन्याच चाकावर अर्ध्या वेगाने चालवतेय. आमचे मालक मिल बंद करायचं म्हणतात. नवीन चाक कधी?"

"टेस्टमध्ये पास होईल तेव्हा."

"ठीक आहे. मालकांना मी थोपवते."

आम्ही रायझर मोठा केला. रायझर म्हणजे साच्यावरचा जास्तीचा धातू. थंड होताना पोलाद आकसतं, तेव्हा तो आत उतरून जागा भरतो. ओतताना साहूजी स्वतः उभे होते. या वेळी स्क्रीनवरची रेघ सरळ गेली. मी तीनदा तपासलं, मग सही केली.

पुढे क्लाराचा व्हिडिओ आला. मशीन पूर्ण वेगात, रोलवर पांढराशुभ्र कागद, आणि चाकावर उठवलेलं भिलाईचं नाव वाचून अख्खी शिफ्ट ओरडतेय, "बिलाई! बिलाई!"

"बिल्ली बना दिया हमको," साहूजी म्हणाले, आणि तो व्हिडिओ येणाऱ्या प्रत्येक क्लायंटला दाखवू लागले. मीही वैशाली नगरच्या मावशीपर्यंत सगळ्यांना पाठवला.

फसलेलं कास्टिंग वितळवून पुन्हा ओतता येतं. गावाचं नाव एकदा खराब झालं की त्याला तशी भट्टी नाही.