पंधरा खुणांचा उजेड

वत्सला देवरे सरकारी कचेरीत गिरण्यांमधला उजेड मोजायच्या कामाला होती. तिचे वडील सुरतेत उधन्याला कापडाच्या लूमवर. मंद दिव्याखाली धागे जोडता जोडता त्यांचे डोळे लवकर अधू झाले, म्हणून असेल, पण हे काम ती फार मनापासून करी. टेनिस मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं.

सत्त्याण्णव साली एका क्लबानं टेनिस कोर्टावर नवे दिवे बसवले आणि संध्याकाळच्या सामन्यांच्या पत्रिकाही वाटल्या. उजेडाचा दाखला हवा होता, म्हणून सेक्रेटरी जशवंतभाईंनी कचेरीकडे माणूस मागितला. साहेबांनी वत्सलाला पाठवलं.

दिवेलागणीला तिनं कोर्टभर खडूनं पंधरा खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर मीटर धरला. जाळीजवळ साडेतीनशे लक्स, कोपऱ्यांत जेमतेम शंभर. सरासरी दोनशे वीस.

"बेन, आटलुं तो चाले ने?" एवढा उजेड चालेल ना, असं जशवंतभाईंनी विचारलं.

"सभासदांना रोज खेळायला दोनशे पुरतं. क्लबाच्या सामन्यांना तीनशे लागतं, मोठ्या स्पर्धांना पाचशे. शिवाय उजेड सगळीकडे सारखा हवा. दाखला नाही देता येणार."

"पत्रिका गेल्यात हो. आणि बॉल तर दिसतोय."

वत्सला वाद घालत बसली नाही. "मग तुम्हीच त्या कोपऱ्यात उभे राहता का?" ती म्हणाली.

सभासदांना सराव देणारा मारुती, मूळचा परभणीचा, पलीकडून चेंडू मारू लागला. दहांतले सहा जशवंतभाईंच्या रॅकेटला लागलेच नाहीत. वर बघावं तर समोरच्या खांबावरचा दिवा थेट डोळ्यांत येई.

"ताईंचं बरोबर आहे, साहेब," मारुती म्हणाला. "दिवे लागले त्या दिवसापासून मी तेच सांगतोय."

जशवंतभाई घाम पुसत हसले. "काय बदलायचं ते लिहून द्या, बेन."

दोन्ही टोकांचे खांब उपटून बाजूंना रोवले, चार दिवे वाढवले. वत्सला आणखी तीनदा जाऊन आली. शेवटच्या खेपेला सरासरी तीनशे दहा भरली, कोपऱ्यांतही सव्वादोनशे. तिनं दाखल्यावर सही केली.

सामन्यांचं तिला नवऱ्यासकट बोलावणं आलं. बँकेतल्या अशोकला खेळ थोडाफार कळायचा, तो तिला गुण समजावत होता. तिची नजर मात्र कोपऱ्यांवर. एक मुलगी धावत कोपऱ्यात गेली आणि तिनं चेंडू गाठून परतवला. वत्सलानं जोरात टाळ्या वाजवल्या.

"अगं, तो बाहेर पडला," अशोक म्हणाला.

"पडू दे. दिसला ना तिला."